भाव कळाला, पुढं काय?

आमच्या गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर रोज दुपारी लातूर मार्केटचे भाव पडतात. त्याआधी गुलाबाचं फूल लावलेलं शुभ सकाळ, कुण्या भावी सरपंचाच्या वाढदिवसाचं बॅनर, एखादी चुकलेली म्हैस, आणि मग भाव. सोयाबीन, तूर, हरभरा, किमान, कमाल, सर्वसाधारण, आवक इतके कट्टे म्हणजे पोती. आण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना बारीक अक्षर दिसत नाही, ते पुतण्याला हाक मारून विचारतात, "निघाला का रे सौदा?" आणि आकडा ऐकला की लगेच दुसरा प्रश्न, "मग काय करूलालेत लोकं?" म्हणजे विकूलालेत का ठेवूलालेत.

मी लातूरला नोकरीला, शेती गावाकडं औसा तालुक्यात, भाऊ आणि आण्णा बघतात. त्यामुळं मला जरा लांबून बघायला मिळतं. आणि लांबून बघताना माझं असं मत झालंय की आण्णांचा दुसरा प्रश्नच खरा आहे. भाव कळणं वेगळं आणि भाव कळाल्यावर दोन महिने थांबता येणं वेगळं. मोबाईलनं पहिली गोष्ट सगळ्यांना फुकटात देऊन टाकली, दुसरी ज्याच्याकडं आधी होती त्याच्याकडंच राहिली. काही अपवाद आहेत. ते अपवाद मला जास्त महत्त्वाचे वाटतात म्हणून हे लिहितोय, पण त्याआधी थोडं रडगाणं.

पूर्वी भाव कसा कळायचा तर बाजारातून परत येणाऱ्या जीपमधून. जो माल घालून आला तो पारावर सांगायचा, आणि तो पण नेहमी शंभर-दोनशे वाढवून सांगायचा कारण कमी भावात घालून आलो हे कोण कबूल करणार. आता तसं होत नाही, आकडा समोर असतो. पण त्यानं माल कुठं जातो ते बदललं का? जूनमध्ये ज्या आडत्याकडून बी-खतासाठी उचल घेतली त्याच्याच आडतीला माल जातो. शेजारच्या बाजारात शंभर रुपये जास्त आहेत हे मोबाईलवर दिसत असतं, आणि ट्रॅक्टर मात्र ठरलेल्या दुकानासमोरच उभा राहतो. मग पट्टीतून म्हणजे आडत्याच्या हिशोबातून उचल कापली, हमाली कापली, तोलाई कापली, उरलं ते घेऊन दिवाळी.

यावर अभ्यास पण झालेला आहे, मला तो वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. 2007 साली रॉयटर्सनं महाराष्ट्रात शेतकऱ्यांना एसएमएसवर भाव आणि हवामान कळवायची सेवा सुरू केली होती, रॉयटर्स मार्केट लाइट म्हणून. जुन्या बटनाच्या मोबाईलचा काळ. दोन अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत तपासून बघितलं की हे मेसेज मिळणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त भाव मिळतो का, आणि 2012 मध्ये छापलं की सरासरीत काही खास फरक दिसत नाही. आता याच्या उलट केरळचं उदाहरण सगळीकडं सांगतात, तिथं 1997 ते 2001 च्या दरम्यान किनाऱ्यावर मोबाईल आला आणि मच्छिमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर जास्त भाव आहे ते विचारायला लागले, मासळी फेकून द्यायची वेळ थांबली, मच्छिमारांचा नफा साधारण 8 टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासे 4 टक्के स्वस्त पडले. खरी गोष्ट आहे, रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाचा अभ्यास आहे. पण तिथं नाव स्वतःची, इंजिन चालूच, तोंड फिरवलं की दुसरं बंदर. आमच्या दहा कट्ट्यांना तोंड फिरवायला टेम्पो लागतो आणि टेम्पोवाला आधी डिझेलचं बोलतो.

मध्य प्रदेशात 2000 साली आयटीसी कंपनीनं ई-चौपाल काढलं, तिथं मात्र आजूबाजूच्या मंडीत सोयाबीनचा भाव थोडा का होईना, 1 ते 3 टक्के, वाढला. कारण तिथं नुसता कॉम्प्युटरवर भाव दाखवला नाही, तर मंडीच्या बाहेर माल घेणारा दुसरा गिऱ्हाईक पण उभा केला. फरक सगळा तिथं आहे.

आता यूट्यूबबद्दल बोलतो, कारण मराठवाड्यात सोयाबीनचं जे काही झालं त्यात यूट्यूबचा मोठा वाटा आहे आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही.

2021 चा ऑगस्ट आठवतो का? सोयाबीन 10 हजाराच्या वर गेलं होतं. अर्थात तेव्हा कुणाच्या घरात सोयाबीन होतं? मोठ्या लोकांच्या. बारक्यांनी आधीच विकून टाकलेलं. मग केंद्रानं 12 लाख टन जीएम म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, नवीन माल बाजारात यायला लागला आणि ऑक्टोबरात भाव निम्म्यावर आला. डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं, सोयाबीनचे वायदे म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे बंद केले. तरी 2022 च्या सुरुवातीला परत 7 हजाराच्या आसपास गेलं आणि तिथून आमच्या गावात एक नवीन रोग सुरू झाला, ठेवायचा रोग. प्रत्येकाच्या मोबाईलवर व्हिडिओ. लाल बाण वर गेलेला, खाली मोठ्या अक्षरात "सोयाबीन 8000 पार?" आणि ते प्रश्नचिन्ह इतकं बारीक की दिसू नये. पहिली दोन मिनिटं "नमस्कार शेतकरी मित्रांनो" आणि चॅनलला सबस्क्राईब करा, मग ब्राझीलमध्ये दुष्काळ, अर्जेंटिनात दुष्काळ, चीनची मागणी, शिकागोचा वायदा, आणि शेवटी "शेतकऱ्यांनी टप्प्याटप्प्यानं विक्री करावी". हे शेवटचं वाक्य कुणी ऐकत नव्हतं.

लोकांनी ठेवलं. आमच्या गल्लीत एका घरात पुढची खोली सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेली, पाहुणे आले की कट्ट्यांवरच बसायचे. 2022 गेलं, 2023 गेलं, भाव पायरीपायरीनं खाली. खाद्यतेलाची आयात स्वस्त झालेली, पामतेलाची जहाजं येतच होती, आणि इकडं लोक शिकागोकडं डोळे लावून बसलेले. 2024 च्या सुरुवातीला साडेचार हजाराच्या खाली. वजनात घट, उंदरांचं वेगळं, आणि गावच्या सोसायटीच्या कर्जाचं व्याज तर चालूच. मला त्या व्हिडिओवाल्यांचा राग येत नाही, त्यांचं पोट व्ह्यूजवर आहे, खाली बाण दाखवला तर बघणार कोण. पण गंमत बघा, यावेळी लोकं थांबली होती! थांबायचं बळ नसताना थांबली, घरातलं मोडून, हातउसनं घेऊन थांबली. म्हणजे नुसतं थांबणं पण कामाचं नाही, थांबताना घर चालायला पाहिजे.

इथं पहिला अपवाद येतो. तारण.

शेतमाल तारण योजना जुनी आहे, पणन मंडळाची 1990 पासूनची. माल बाजार समितीच्या नाहीतर वखार महामंडळाच्या गोदामात ठेवायचा, त्या दिवशीच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. कागदावर इतकी चांगली योजना की विश्वास बसू नये, आणि वर्षानुवर्षं आमच्या गावात कुणी तिकडं फिरकलं नाही कारण गोदामाची पावती, मग ती बँकेत न्या, मग साहेब जागेवर नाहीत, मग पावती खरी कशावरून. 2017 पासून गोदामाची पावती इलेक्ट्रॉनिक निघायला लागली, शेअरच्या डीमॅट खात्यासारखी. पावती हरवत नाही, एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलता येत नाही, त्यामुळं बँकेची भीती कमी झाली. माझ्या चुलत्यानं मागं हरभऱ्यावर असं कर्ज घेतलं. पोरीची फी भरायची होती, हरभरा निघाल्या निघाल्या बाजार पडलेला. गोदामात घातला, पैसे खात्यावर आले, फी भरली आणि तीन-चार महिन्यानं माल काढला. जास्त किती मिळाले तर फार नाही, गोदामभाडं आणि व्याज जाऊन एका चांगल्या बैलाच्या झुलीचे म्हणा. पण काका त्या काळात मोबाईलवर भाव बघताना मी त्यांना बघितलंय, माणूस वेगळाच दिसत होता. चहा पीत बघत होते.

अडचण एकच, गोदाम जवळ पाहिजे आणि माल वाळलेला, चाळलेला पाहिजे. पाच कट्टे घेऊन तीस किलोमीटर कोण जाणार.

दुसरा अपवाद एकदम साधा. मॉइश्चर मशीन. डब्याएवढी असते, मूठभर सोयाबीन टाकलं की ओलावा किती टक्के ते आकड्यात दिसतं. ही मशीन फक्त घेणाऱ्याकडं होती तोवर तो म्हणेल ती पूर्व दिशा, "ओला हाय माल, चौदा दाखवूलालंय" म्हणलं की कडता कापला, म्हणजे वजनात घट धरली. आमच्या बाजूच्या गावातल्या पोरांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली, त्यांनी सगळ्यात आधी काय घेतलं तर ही मशीन आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. आता लोकं आधी तिथं मोजून, वजन करून, मग सगळ्यांचा माल एका गाडीत भरून पाठवतात, आणि गाडी कधी भरायची ते ग्रुपवर ठरतं. "उद्या गाडी जाणार, कुणाचे कट्टे?" एवढाच मेसेज. भाडं वाटून जातं. दहा जणांचे मिळून शंभर कट्टे झाले की व्यापारी पण जरा खुर्चीवरून उठून बोलतो. यात ॲप नाही, एआय नाही, ब्लॉकचेन नाही, पण मला विचाराल तर भाव सांगणाऱ्या पन्नास ॲपपेक्षा हे भारी.

ई-नामचं, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन शेतमाल बाजाराचं पण सांगितलं पाहिजे. 14 एप्रिल 2016 ला 21 बाजारांपासून सुरू झालं आणि आता देशभरात 1300 च्या वर बाजार जोडलेत. कल्पना अशी की औशाच्या शेतकऱ्याची तूर इंदोरच्या माणसानं स्क्रीनवर बोली लावून घ्यावी. पण इंदोरचा माणूस तूर हातात न घेता, दाताखाली न फोडता पैसे लावणार म्हणजे त्याचा प्रतवारीवर भरवसा पाहिजे, आणि प्रतवारी करायला लॅब पाहिजे, लॅबमध्ये माणूस पाहिजे, आणि सीझनला हजारो कट्टे आवारात उतरले असताना नमुना काढायला वेळ पाहिजे. म्हणून बहुतेक सौदे त्याच आवारातल्या व्यापाऱ्यांत होतात, फक्त हराजीच्या ऐवजी स्क्रीनवर. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आकडा लपत नाही.

आता हमीभाव. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि बाजारात 4 हजाराच्या जवळपास, म्हणजे सरकारी केंद्रावर घातलं तर क्विंटलला आठ-नऊशेचा फरक. कोण सोडेल? त्यासाठी ऑनलाइन नोंदणी. सातबारा, त्यावर पीकपेरा म्हणजे काय पेरलं त्याची नोंद, आधार, पासबुक, मग मेसेज आला की माल घेऊन जायचं. पीकपेरा पण 2021 च्या 15 ऑगस्टपासून शेतकऱ्यानंच मोबाईलवर भरायचा, शेतात उभं राहून फोटो काढून. आमच्या शिवारात रेंज फक्त म्हसोबाच्या टेकाडावर येते हे सोडून देऊ. त्यात 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल परत, त्या वर्षी बोंबाबोंब झाल्यावर नोव्हेंबरात 15 टक्के केला, तोवर गरजू माणसांनी दिवाळीच्या आधीच बाजारात घातलेलं. 2025-26 ला हमीभाव 5328 झाला, पण 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं सोयाबीन असं डागी केलं की केंद्रावर दाखवायची सोय नाही.

पण माझी खरी तक्रार ओलाव्याची नाही. या सगळ्या डिजिटल कारभाराचं तोंड सातबाऱ्याकडं आहे. शेतकरी म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर. आमच्याकडं निम्मी शेती बटईनं नाहीतर ठोक्यानं चालते. राबतो एक, सातबारा दुसऱ्याचा, आणि तो दुसरा पुण्यात नाहीतर लातुरात (माझ्यासारखा!). नोंदणीचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर, पैसे त्याच्या खात्यावर. मालक भला असला तर बटईदाराला फरक देतो, नसला तर "बाजारभावानं हिशोब" म्हणून मोकळा. बायांचं तेच. खुरपण त्यांचं, काढणी त्यांची, सातबारा सासऱ्याचा. आता ॲग्रीस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक आलाय, योजनांना सक्तीचा केलाय, तोही त्याच सातबाऱ्याला जोडलेला. मशीनला काही दोष नाही, मशीनला जे कागद दिले ते तिनं जास्त पक्के केले.

अन्नसुरक्षेचा विषय निघाला की लोक रेशनवर येतात, तर तेही बघू, आणि मराठवाड्याची यात एक वेगळी गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. शेतकरी आत्महत्या जास्त असलेले 14 जिल्हे, त्यात मराठवाड्याचे आठही आले, तिथल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून दोन रुपयानं गहू आणि तीन रुपयानं तांदूळ मिळायचा, माणशी 5 किलो. मग ते धान्य बंद पडलं आणि जानेवारी 2023 पासून त्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यावर, नंतर 170 केले. घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर, ही चांगली गोष्ट. पण तेवढ्या पैशात दुकानातून 5 किलो गहू आणायला गेलं की कसाबसा येतो आणि पुढच्या महिन्यात गव्हाचा भाव वाढला तर खात्यातले पैसे काही आपोआप वाढत नाहीत. पोत्याला भाव कळत नाही म्हणून पोतं बरं असतं, कितीही महागाई होवो, 5 किलो म्हणजे 5 किलो.

ऊसतोडीच्या लोकांना मात्र या ऑनलाइन रेशनचा खरा उपयोग झाला असं मी म्हणेन. बीड, धारूर, पाटोदा, तिकडून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात ते कोल्हापूर, सांगली, बेळगावकडं, सहा महिने कार्ड गावाकडच्या दुकानात पडून. आता अंगठा लावून तिथं धान्य उचलता येतं, आणि निम्मं तिथं, निम्मं गावाकडं म्हातारा-म्हातारी उचलतात असं पण चालतं. कारखान्याजवळचा दुकानदार कधी कधी "माझा कोटा संपला" म्हणतो, ते वेगळं. आणि कोयत्यानं झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही, तेही वेगळं.

आता शेवटचं, आणि माझ्या आवडीचं. ज्वारी.

आमच्या घरी लहानपणी ज्वारी विकत आणली असं आठवत नाही. आता अर्ध्या गावात आणतात. सगळं शिवार सोयाबीन, आणि सोयाबीन खायचं काम नाही, ते विकायचं आणि मग ज्वारी, डाळ, तेल आणायचं. म्हणजे सोयाबीन पडलं की ताट पण पडतं. ज्वारी का सुटली याला कारणं आहेत, काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं, आणि भाव. कडबा गेला त्याबरोबर जनावरं पण कमी झाली. परभणीच्या विद्यापीठानं 2018 मध्ये परभणी शक्ती नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण काढलं, पण घेणारा कुठाय असं सगळे म्हणायचे.

घेणारा पुण्यात निघाला. वहिनींचा बचत गट आहे, त्यांनी आधी घरातलीच दोन-तीन कट्टे मालदांडी ज्वारी वाघोलीला राहणाऱ्या नातेवाइकांना पाठवली. त्यांच्या सोसायटीत निम्मे लोक लातूर, बीड, धाराशिवचे, आणि पुण्याच्या ज्वारीची भाकरी थापताना मोडते ही सगळ्यांची एकच तक्रार. तिथून ग्रुप झाला. वहिनी ज्वारी, तुरीची डाळ, उडीद, कधी हुरडा असं फोटो काढून टाकतात, खाली भाव, लोक नाव आणि किलो लिहितात, पैसे आधी यूपीआयवर, मग माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, पहाटे हडपसरला कुणीतरी उतरवून घेतं. पहिल्या वर्षी डाळीला सोंडे लागले म्हणून ग्रुपवर तोंड पण खावं लागलं, त्या फोटोवर बायका-बायकांची अशी जुंपली की मी नोटिफिकेशन बंद केले. मग डाळ पावसाळ्यात पाठवायची नाही असं ठरलं. गटातल्या दोघी भूमिहीन आहेत, त्या पाखडायचं, निवडायचं काम करतात आणि किलोमागं त्यांचे पैसे वेगळे. इथं कुणी सातबारा विचारत नाही.

फार मोठा धंदा नाही हा, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत किती माल जाणार. सोयाबीनला पर्याय वगैरे तर अजिबात नाही. पण वहिनींचा एक नियम आहे, की वर्षाची खायची ज्वारी आधी कणगीत, मग कडबा, मग ग्रुपवर फोटो. आण्णांना तो नियम इतका आवडला की या रब्बीत त्यांनी हरभऱ्यातला एक तुकडा स्वतःहून ज्वारीला सोडला.

परवा ग्रुपवर एका नवीन मेंबरनं लिहिलं, "ताई ऑनलाइन 45 रुपयाला येते, तुम्ही 60 का लावता? 50 करा, दहा किलो घेतो." वहिनींनी भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं व्हॉइस नोट टाकली, "मग तिथूनच घ्या दादा, ती पण चांगली असंल. आमची शिल्लक राहिली तर आम्ही खाऊ." संध्याकाळी त्याच माणसाचा मेसेज आला, पाच किलो लिहा.